प्रतिकारशक्ती कमी असलेली मुलं, तरुण आणि फ्लू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली. बरीच वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे. केमो चालू असलेली, किडनीच्या आजारासाठी स्टेरॉइड घेणारी, प्रत्यारोपण झालेली मुलं आणि त्यांचे आईबाप रोज माझ्यासमोर असतात. मृगाचा पाऊस पडला की मेसेज सुरू होतात ते चवथ (गणेश चतुर्थी) सरेपर्यंत थांबत नाहीत. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एका ठिकाणी लिहून ठेवले. औषध आणि डोस तुमचे डॉक्टरच ठरवणार. पण वाट बघत बसायचं नाही ती वेळ कुठली, हे घरातल्या माणसालाच ओळखावं लागतं, आणि मला मुख्य सांगायचं आहे ते तेच.

१. फ्लू म्हणजे सर्दी-खोकलाच ना? मग एवढी धास्ती कशाला?

सर्दी करणारे विषाणू पुष्कळ आहेत. फ्लू होतो तो इन्फ्लुएन्झा विषाणूमुळे, आणि माणसांत दरवर्षी त्याचे ए आणि बी हे दोन प्रकार फिरतात. २००९ मध्ये ज्याला सगळे स्वाइन फ्लू म्हणत होते, तो एच१एन१ आता दरवर्षीच्या फ्लूतलाच एक झाला आहे. सर्दी हळूहळू चढते. फ्लू एकदम येतो: सकाळी हसत शाळेत गेलेलं मूल दुपारी अंग टाकून देतं. ताप, अंगदुखी, डोकेदुखी, कोरडा खोकला. लहान मुलांना उलट्या-जुलाबही होतात. धडधाकट मूल आठवडाभरात सावरतं. हे पान ज्यांचं शरीर ही लढाई एकट्याने लढू शकत नाही, त्यांच्यासाठी आहे.

२. माझी मुलगी तर खेळते, जेवते. तिची प्रतिकारशक्ती ‘कमी’ आहे असं कसं म्हणता?

दिसण्यावर जाऊ नका, औषधांच्या यादीकडे बघा. रक्ताचा किंवा दुसरा कर्करोग असून केमो चालू आहे किंवा नुकतीच संपली आहे, अस्थिमज्जा, किडनी किंवा यकृताचं प्रत्यारोपण झालं आहे, नेफ्रॉटिक सिंड्रोम, ल्युपस, सांध्यांचा किंवा आतड्यांचा आजार यासाठी स्टेरॉइड वा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत, एचआयव्ही आहे, जन्मतःच रोगप्रतिकार यंत्रणेत दोष आहे, ही सगळी मुलं यात येतात. स्टेरॉइडचा साधारण हिशेब असा: प्रेडनिसोलोन रोज वजनाच्या दर किलोला २ मिलिग्रॅम, किंवा मोठ्या मुलांत रोज २० मिलिग्रॅम आणि त्याहून जास्त, असं १४ दिवस किंवा अधिक चाललं असेल, तर ते मूल प्रतिकारशक्ती कमी असलेलं समजायचं. प्लीहा काढलेल्या मुलांना फ्लूच्या पाठोपाठ येणाऱ्या जिवाणूंचा धोका मोठा असतो. त्यांच्या न्यूमोकोकल लशीबद्दलही विचारून ठेवा.

३. अशा मुलांना फ्लू झाला तर तो वेगळा दिसतो का?

दिसतो. बहुतेक वेळा चूक होते ती इथेच.

स्टेरॉइड तापाला दाबून ठेवतं. एक सात वर्षांचा मुलगा माझ्या लक्षात राहिला आहे. ताप अजिबात नव्हता. आई म्हणाली, “सिस्टर, तो नुसता गप्प झालाय. उकड्या तांदळाची पेज त्याला आवडते, ती पण सरकवून ठेवली.” मी त्याचा शर्ट वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. ३८ भरले. पाच वर्षांवरच्या मुलाचा श्वास शांत बसलेला असताना मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त चालला, तर तो जलद समजतात. (एक ते पाच वर्षांच्या मुलांत ही रेषा ४०ची, दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बाळांत ५०ची.) त्याच्या छातीत न्यूमोनिया सुरू झाला होता. ज्या आईने “गप्प झालाय” एवढं नेमकं हेरलं, तिच्यामुळे तो वेळेत पोचला.

म्हणून तापाबरोबर बाकीचंही बघा: जेवण तोडणं, खेळणं सोडणं, नेहमीपेक्षा जास्त झोप, बरगड्यांखाली खड्डा पडणारा श्वास. या मुलांत विषाणू घशातून फुप्फुसात लवकर उतरतो, जिवाणूंचा न्यूमोनिया मागून येतो, आणि विषाणू शरीरात जास्त दिवस टिकतो (प्रश्न १६).

४. गोव्यात फ्लूचा मोसम कुठला? थंडीचा ना?

थंडीचा हे युरोप-अमेरिकेचं गणित. आपल्याकडे मोठी लाट पावसाळ्यात येते, साधारण जून ते सप्टेंबर. जानेवारी ते मार्चमध्ये दुसरी, बहुतेक वेळा लहान. म्हणजे एक लाट चवथीच्या तोंडावर आणि दुसरी कार्निव्हल-शिगम्याच्या दिवसांत.

पावसाळ्यात गोंधळ असा की डेंग्यू, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस यांचा तापही याच महिन्यांत असतो. नाक वाहणं आणि खोकला फ्लूकडे बोट दाखवतात, पण ते घरी ठरवत बसू नका. त्यासाठी रक्ततपासणी आहे.

५. केमो चालू असताना ताप किती आला की फोन करायचा? आधी पॅरासिटामॉल देऊन बघू का?

आधी फोन, मग पॅरासिटामॉल. ही एकच ओळ छापून फ्रिजवर लावलीत तरी चालेल.

बहुतेक केंद्रांत रेषा १००.४ फॅरेनहाइटची, म्हणजे ३८ सेल्सिअसची असते. तुमच्या फाइलमध्ये दुसरा आकडा लिहिला असेल तर तोच पाळा. केमोनंतर न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी खाली जातात. रिपोर्टमध्ये एएनसी म्हणून लिहिलेला आकडा ५००च्या खाली असेल, तर ताप ही तातडीची बाब असते. कारण ताप फ्लूचा की रक्तात शिरलेल्या जिवाणूंचा, हे बाहेरून कळत नाही, आणि जिवाणूंचा असेल तर तासातासाने फरक पडतो. म्हणून अशा मुलाला रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिकचं इंजेक्शन देण्याचा प्रयत्न असतो. फ्लूची तपासणी आणि फ्लूचं औषध त्याच्या जोडीला चालतं. पॅरासिटामॉलने आकडा खाली येतो, मूल हसायला लागतं, घर निश्चिंत होतं आणि आतला आजार मात्र पुढे जात राहतो.

आयब्युप्रोफेन तर विचारल्याशिवाय देऊच नका, प्लेटलेट कमी असतील तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. गुदद्वारातून ताप मोजायचा नाही, तिथून औषधाची कांडीही ठेवायची नाही. काखेत मोजताना आधी घाम पुसा आणि थर्मामीटर वाजेपर्यंत हात दाबून धरा.

सत्तरीतली एक आई वहीत वेळ लिहून ठेवायची. त्या रात्रीचं पान मी पाहिलं आहे. बॉलपेनने लिहिलेलं: “९.४० – ९९.८. १०.१५ – १००.६. १०.२० फोन.” बाहेर पाऊस कोसळत होता, तरी मध्यरात्रीच्या आत मुलाला सलाइन लागली होती. काणकोण, सांगे किंवा सत्तरीच्या आतल्या गावातून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) पोचायला वेळ लागतो, म्हणून दूरच्यांनी तर आणखी लवकर हलायचं. गाडी नसेल तर १०८. फाइल, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट आणि औषधांची पिशवी दाराजवळ भरून ठेवलेली असावी. निघताना फोनवर “केमोचं मूल, ताप आहे” हे पहिल्या वाक्यात सांगा. पोचल्यावर नोंदणीच्या खिडकीतही पहिलं वाक्य तेच.

६. कुठली लक्षणं दिसली तर ताप नसला तरी थेट न्यायचं?

श्वास लागणं, छातीत दुखणं, ओठ किंवा नखं निळसर पडणं, थुंकीत रक्त, गुंगी, झटका, लघवी अगदी कमी होणं, बाळाने दूध न पिणं. आणि एक फसवी खूण: ताप उतरून दोन दिवस बरं वाटलं आणि पुन्हा ताप-खोकला उसळला. तो बहुधा जिवाणूंचा न्यूमोनिया असतो.

७. ओसेल्टामिविर कधी सुरू करतात? ४८ तास उलटून गेले असतील तर उपयोग नाही ना?

ओसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध. लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांत सुरू केलं तर सर्वांत जास्त फायदा, हे खरं. पण “४८ तास गेले, आता नको” हा नियम धडधाकट माणसासाठी. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना उशीर झाला तरी देतात. स्वाइन फ्लूसाठी केंद्र सरकारने अ, ब, क असे गट ठरवले, त्यातही अशी मुलं सौम्य आजार असला तरी औषध सुरू करण्याच्या गटात आहेत.

डोस वजनावर ठरतो, दिवसातून दोनदा, साधारण पाच दिवस. या मुलांत डॉक्टर दिवस वाढवू शकतात. किडनी कमजोर असेल तर डोस बदलतो, ते आठवणीने सांगा. मळमळ-उलटी हा नेहमीचा त्रास, तेव्हा काहीतरी खाऊ घालून द्या. औषध देऊन थोड्याच वेळात उलटी झाली तर स्वतः दुसरा डोस न देता विचारा. सिरप मिळालं नाही तर कॅप्सूल उघडून भुकटी गोड पदार्थात मिसळता येते. ती फार कडू असते. चॉकलेट सिरप किंवा गुळाच्या घट्ट पाकात मुलं घेतात. अर्धी कॅप्सूल, पाऊण कॅप्सूल असा हिशेब मात्र फार्मासिस्टकडून करून घ्या. आणि चिठ्ठीशिवाय मागू नका.

अझिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिकं फ्लूच्या विषाणूवर काम करत नाहीत. दुकानातून ती घेऊन तीन दिवस घालवणं म्हणजे ओसेल्टामिविरचे तीन दिवस गमावणं.

८. चाचणी निगेटिव्ह आली. मग औषध बंद?

झटपट अँटिजेन चाचणी खरा फ्लू बऱ्याचदा चुकवते. आरटी-पीसीआर जास्त भरवशाची, पण नमुना नीट घेतला गेला असेल तरच. म्हणून अशा मुलांत रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतात आणि झटपट चाचणी निगेटिव्ह आली एवढ्यावर थांबवत नाहीत. बंद कधी करायचं, ते डॉक्टर सांगतील.

९. फ्लूची लस उपचार चालू असताना चालते का? आणि घ्यायची कधी?

इंजेक्शनची लस निष्क्रिय विषाणूची असते. त्यातून फ्लू होऊच शकत नाही, केमोच्या मुलालाही नाही. हात दुखेल, एखादा दिवस कणकण येईल. (केमोच्या मुलात ती कणकणही १००.४ला पोचली तर प्रश्न ५च लागू. “लशीचा ताप असेल” म्हणून बसू नका.) सहा महिने पूर्ण झाल्यावर दरवर्षी घ्यायची. विषाणू बदलतो, लस बदलते, आणि संरक्षणही ओसरतं. आपल्यासाठी चांगली वेळ एप्रिल-मे, पावसाच्या आधी. चुकली तर जुलै-ऑगस्टमध्येही घ्या. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. आईबाप दुसरा हमखास विसरतात. दिल्यावर संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात.

उपचारांची वेळ सांभाळावी लागते ती अशी. केमो सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी देता आली तर उत्तम. रक्ताच्या कर्करोगाच्या अगदी सुरुवातीच्या जोरदार केमोत शरीर लशीला प्रतिसाद देत नाही, म्हणून बहुधा थांबतात आणि नंतरच्या हलक्या केमोच्या (मेंटेनन्सच्या) टप्प्यात देतात. रिटुक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधानंतर निदान सहा महिने प्रतिसाद फार कमी. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर साधारण सहा महिन्यांनी. किडनी-यकृत प्रत्यारोपणानंतर साधारण तीन महिन्यांनी, साथ जोरात असेल तर त्याआधीही. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन चालू असलं तरी इंजेक्शनच्या लशीला अडथळा नाही.

प्रतिसाद अर्धवट आला तरी आजार हलका होतो, म्हणून मी लशीच्याच बाजूची. पण एकट्या लशीवर विसंबू नका. प्रश्न ११ वाचाच. ही लस राष्ट्रीय लसीकरणाच्या मोफत यादीत नाही, तेव्हा कुठे आणि केवढ्याला मिळेल ते आधी विचारून ठेवा.

१०. अंड्याची अ‍ॅलर्जी आहे. नाकात फवारायची लस देऊ का? आणि तीन घटकांची बरी की चार?

अंड्याची अ‍ॅलर्जी आता फ्लूच्या लशीला अडसर मानत नाहीत. पूर्वी याच लशीचीच तीव्र अ‍ॅलर्जी आली असेल तर गोष्ट वेगळी. नाकातली लस जिवंत, कमजोर केलेल्या विषाणूची. ती या मुलांना द्यायची नाही. तीन की चार यात अडकू नका: बी प्रकारातला यामागाता हा वंश मार्च २०२० नंतर जगात आढळलेला नाही, म्हणून लशीतला त्याच्यासाठीचा चौथा घटक वगळायला जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं आहे. जी यंदाची, ती घ्या.

११. मुलाला लस दिली, मग आम्हा घरच्यांना कशाला?

कारण मुलाला फ्लू आणून देणारे आपणच. शाळेत जाणारी बहीण, कदंब बसने रोज पणजीला ये-जा करणारे बाबा, मंदिरात जाणारी आजी. त्यांना फ्लू झालाच नाही तर तो मुलापर्यंत येणार कसा? ज्या मुलाचं शरीर लशीला प्रतिसादच देत नाही, त्याची खरी ढाल घरातली माणसं. घरातल्या सहा महिन्यांवरच्या प्रत्येकाने लस घ्यावी. सहा महिन्यांखालच्या बाळाला ती देता येत नाही. गरोदरपणात आईने घेतली तर बाळालाही पहिले काही महिने संरक्षण मिळतं. घरच्यांनीही इंजेक्शनचीच घ्यावी, विशेषतः मुलाचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण नुकतंच झालं असेल तर. आमच्याकडे एक आजोबा लस घ्यायला तयार नव्हते. नातवाने स्वतः सांगितलं, दुसऱ्या दिवशी हात पुढे करून बसले.

१२. चवथीला मूळ घरी जाऊ का?

हा प्रश्न येतो तेव्हा मला उत्तर देणं जड जातं. वर्षभर सुया सोसलेलं मूल गणपतीच्या वर बांधलेल्या माटोळीला टांगलेली फळं बघायला आसुसलेलं असतं, आणि “नको” म्हणायला माझी जीभ वळत नाही.

पेशी खाली असतील किंवा प्रत्यारोपण ताजं असेल, तर यंदा नको. बाकीच्यांनी डॉक्टरांना विचारून जावं, पण बेत आखून. आरतीला चाळीस माणसं, बंद खोली, घुमट आणि झांजांच्या वर आवाज काढून गाणारे सगळे. विषाणू पसरायला याहून सोयीची जागा नाही. गर्दी यायच्या आधी, सकाळी दर्शन घ्या. मुलाला उघड्या सोप्यावर बसवा, आरती तिथून ऐकू येते. ज्याला खोकला आहे त्याने मुलाला जवळ घ्यायचं नाही, मग तो सख्खा काका का असेना, आणि हे जायच्या आधीच फोनवर सांगून ठेवा. तिथे सांगितलं की वाईटपणा येतो. प्रसाद हातात घेण्याआधी साबणाने हात. दोन वर्षांवरच्या मुलाला नीट बसणारा मास्क. तिथून जवळचं रुग्णालय कुठलं, म्हापसा की मडगाव की थेट बांबोळी, हे निघण्याआधी ठरलेलं असावं.

१३. घरात दुसऱ्याला फ्लू झाला, मुलाला अजून काही नाही. वाट बघू?

वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. संपर्कानंतर ४८ तासांच्या आत ओसेल्टामिविर प्रतिबंधक म्हणून दिवसातून एकदा सुरू करता येतं आणि शेवटच्या संपर्कानंतर सात दिवसांपर्यंत चालतं. काही डॉक्टर या मुलांत उपचाराचाच पूर्ण डोस पसंत करतात. गोळी चालू असताना लक्षणं आली तर लगेच कळवा. आजारी माणसाची खोली वेगळी, खिडक्या उघड्या, ताट-पेला वेगळा. विषाणू स्टीलच्या कडीवर, मोबाइलवर एक-दोन दिवस राहू शकतो, ते पुसा. आईच आजारी असेल आणि दुसरं कोणी नसेल तर मास्क लावून, हात धुऊन मुलाचं करावं. स्तनपान बंद करायचं नाही.

१४. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती कमी होते ना? मग फ्लूत ते बंद ठेवू?

नाही, स्वतःहून कधीच नाही. बरेच दिवस स्टेरॉइड घेतल्यावर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी करतं. आजारात त्याची गरज वाढते, आणि नेमकी तेव्हा गोळी बंद झाली तर रक्तदाब कोसळू शकतो. तापात उलट डोस वाढवावा लागू शकतो. उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर तेही तातडीचंच कारण. रुग्णालयात इंजेक्शनने देतात. प्रत्यारोपणाच्या गोळ्यांचंही तसंच, बदल फक्त डॉक्टर करणार.

कावासाकी आजारासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असलेल्या मुलांचं मात्र निराळं. फ्लूत अ‍ॅस्पिरिनमुळे मेंदू आणि यकृताला इजा करणारा राय सिंड्रोम क्वचित होतो. त्यांनी फ्लूचा संशय येताच डॉक्टरांना विचारायचं, आणि लस चुकवायची नाही.

१५. काढा, वाफ, गुळवेल चालेल का?

कोमट पेज, कमी तिखट सार, आल्याचं पाणी, खुशाल द्या. वाफ मुलांना नको. उकळतं भांडं कलंडून भाजलेली मुलं मी पाहिली आहेत. गुळवेल तर नकोच. तिने यकृताला इजा झाल्याची प्रकरणं भारतीय डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवली आहेत, आणि प्रत्यारोपणाच्या मुलात प्रतिकारशक्ती ‘वाढवणं’ हाच धोका: तीच शक्ती नव्या अवयवावर उलटते. आजीने प्रेमाने दिलेला काढाही डॉक्टरांना सांगा. त्यासाठी कोणी रागावणार नाही.

१६. उपचार संपून तीन आठवडे झाले तरी चाचणी पॉझिटिव्ह. आणि मुलगा वीस वर्षांचा, आता पुण्याला हॉस्टेलवर परत जायचं म्हणतो. काय करू?

धडधाकट माणूस साधारण पाच-सात दिवस विषाणू बाहेर टाकतो. प्रतिकारशक्ती कमी असलेला आठवडेच्या आठवडे टाकू शकतो, स्वतःला बरं वाटत असतानाही. पीसीआर कधी नुसते विषाणूचे अवशेषही दाखवते, त्यामुळे पॉझिटिव्ह म्हणजे संसर्गजन्यच असं नाही. ते डॉक्टर लक्षणं, रक्ताचे आकडे आणि पुन्हा केलेली चाचणी बघून ठरवतात. औषध चालू असूनही खोकला हटत नसेल, तर विषाणू ओसेल्टामिविरला दाद देईनासा झाला आहे का, तेही तपासावं लागतं. असं या मुलांत जास्त घडतं. तोवर ओपीडीला जाताना दारातच सांगा, म्हणजे त्याला इतर केमोच्या मुलांशेजारी बसवणार नाहीत.

आता हॉस्टेल. या वयात मुलं आजार मित्रांपासून लपवतात, हे मी समजू शकते. लहानपणापासून ‘आजारी’ हे नाव ऐकून ती कंटाळलेली असतात. जाऊ द्या, पण डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. मोबाइलच्या पाकिटात एक कागद: आजाराचं नाव, औषधं, तापाची रेषा, दोन फोन नंबर. खोलीत थर्मामीटर. आणि एक मित्र असा, ज्याला सगळं माहीत आहे आणि जो रात्री दोन वाजता रिक्षा बोलावेल. तो मित्र कोण, हे मुलालाच ठरवू द्या.